दानाआधी देणं

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सामाजिक जबाबदारीचं एक प्रकरण असतंच. लावलेली झाडं, शाळेला दिलेले संगणक, रक्तदान शिबिराचे फोटो. त्याच कंपनीच्या अकाउंट्स विभागात आणखी एक यादी असते: मुदत उलटून गेली तरी न चुकवलेल्या बिलांची. ती छापली गेलीच तर हिशेबाच्या टिपांमध्ये, बारीक टायपात. माझं म्हणणं असं की धंदा जबाबदारीने चालतो का, हे ठरवायचं तर ही दुसरी यादी आधी मागावी. झाडं नंतर मोजता येतील.

झाडांना माझा विरोध नाही. पण दान आपल्या सवडीने, हवं त्याला, हवं तेवढं देता येतं. देणं तसं नसतं. त्याला तारीख असते, रक्कम असते आणि समोर एक माणूस असतो, ज्याने आपलं काम आधीच करून दिलेलं आहे. तरी दानाचं कौतुक आणि देण्याची चालढकल एकाच घरात सुखाने नांदतात, कारण धंद्याबाहेर केलेलं चांगलं काम म्हणजे जबाबदारी, असा अर्थ आपण लावून घेतला आहे.

हा अर्थ कायद्यातही उतरला आहे. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगतं. धंद्याच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग असलेली गोष्ट त्यात धरली जात नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, नाहीतर कुणीही आपला रोजचा खर्च समाजकार्य म्हणून दाखवला असता. पण त्यामुळे नफा आला कुठून आणि कुणाच्या जिवावर, हे विचारायची सवय लागत नाही. याउलट २०१० साली आलेल्या आयएसओ २६००० या मार्गदर्शक मानकाने जबाबदारीची व्याख्या केली ती अशी: संस्थेच्या निर्णयांचे आणि कामांचे समाजावर व पर्यावरणावर जे परिणाम होतात, त्यांची जबाबदारी. या मानकाचं प्रमाणपत्र दिलं जात नाही. ते वाचून तसं वागायचं असतं.

धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं, असं अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये ठामपणे मांडलं, आणि पैसे अडवून ठेवणारे त्यांच्या आड सहज लपतात. पण फ्रीडमन यांनीही तिथेच अट घातली होती: समाजाचे मूलभूत नियम पाळून, कायद्यातले आणि रीतीभातीतलेही. ठरल्या दिवशी ठरलेले पैसे देणं, याहून मूलभूत नियम व्यवहारात कोणता आहे?

आता उशीर झाल्यावर नेमकं काय होतं ते बघू. एका छोट्या पुरवठादाराने १०० ची विक्री केली, त्यात त्याचा नफा १० चा. मुदत ३० दिवसांची ठरली होती, पैसे आले ९० व्या दिवशी. मधल्या ६० दिवसांत त्याला कच्चा माल घ्यायचा होता, पगार द्यायचे होते, म्हणून तेवढी रक्कम त्याने वर्षाला १८ टक्क्यांनी उचलली. महिन्याला दीड टक्का, दोन महिन्यांचे ३. खरेदीदाराने भाव जराही पाडला नाही, तरी पुरवठादाराच्या १० तले ३ गेले. खरेदीदाराला यातून काय मिळालं? त्याची बाजारात पत मोठी. समजा त्याला तीच रक्कम बँकेने ९ टक्क्यांनी दिली असती. म्हणजे त्याचे वाचले दीड. एकाचे दीड वाचवण्यासाठी दुसऱ्याचे तीन घालवणं, हा धंद्याच्या हिशेबानेही तोट्याचा सौदा आहे. फक्त तोटा होणारा आणि निर्णय घेणारा ही माणसं वेगळी असतात, म्हणून तो चालू राहतो. त्यात बऱ्याच देशांत विक्रीवरचा कर बिल फाडलं की भरावा लागतो, पैसे हातात आले असोत वा नसोत. न मिळालेल्या पैशांवरचा कर भरायला पुन्हा कर्ज.

मग फोन सुरू होतात. "सर, ते मागच्या महिन्याचं बिल..." "हो हो, प्रोसेसमध्ये आहे. सोमवारी बघतो." सोमवारी साहेब मीटिंगमध्ये. बुधवारी कळतं की बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही. नंबर टाकून बिल पुन्हा पाठवलं की मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात. प्रत्येक फोनला मागणाऱ्याचा आवाज जरा जास्त नरम होतो, कारण पुढची ऑर्डरही याच माणसाच्या हातात आहे. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो. अक्कल असते, ती वापरायची सोय नसते.

यातला बराचसा उशीर कुणी ठरवून केलेला नसतो, आणि म्हणूनच तो दुरुस्त करता येतो. बिल अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. माल पोचल्याची नोंद गोदामातल्या माणसाने संगणकात केलेली नसते, त्यामुळे अकाउंट्सच्या लेखी माल आलेलाच नसतो. मंजुरी देणारा अधिकारी दहा दिवस रजेवर असतो आणि त्याच्या जागी सही करायचा अधिकार कुणालाच दिलेला नसतो. पैसे महिन्यातून एकदाच सोडले जातात, त्यामुळे बिल ठरलेल्या दिवसानंतर एक दिवस उशिरा आलं तर एका दिवसाचे तीस होतात. दहा पेट्यांपैकी एकीबद्दल तक्रार असते आणि तेवढ्यासाठी दहाही पेट्यांचे पैसे थांबतात. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे शंका काढायला चाळीस दिवस थांबणं. आपल्याला खरंच शंका असती तर ती माल उघडल्या उघडल्या आली असती. मुदतीच्या तोंडावर आलेली शंका बहुतेक वेळा पैशांची अडचण झाकण्यासाठी असते.

दुरुस्तीला मोठी यंत्रणा लागत नाही. मुदत बिल 'मंजूर' झाल्यापासून न मोजता माल किंवा काम हाती आल्याच्या तारखेपासून मोजावी. मंजुरीची तारीख आपल्याच हातात असते, आणि आपल्या हातातल्या तारखेपासून दुसऱ्याची मुदत मोजणं ही लबाडी आहे, मग ती नकळत का होईना. हरकत घ्यायची तर सात दिवसांत, लेखी, आणि एकदाच सगळी. पुरवठादाराला एका त्रुटीसाठी तीन हेलपाटे मारायला लावू नयेत. वादाची पेटी बाजूला काढून नऊ पेट्यांचे पैसे सोडावेत. ऑर्डर देतानाच बिलावर काय काय हवं ते एका कागदावर लिहून द्यावं: ऑर्डरचा नंबर, कराची नोंदणी, खात्याचा तपशील, आणि कुणाला पाठवायचं त्या माणसाचं नाव. 'अकाउंट्स विभाग' हे नाव नव्हे. पैसे आठवड्यातून एकदा सोडावेत. छोट्यांची बिलं रकमेने लहान असतात म्हणून ढिगाच्या तळाशी जातात. ती वेगळी काढून आधी चुकवावीत, कारण त्यांनी आपल्या रोखीला धक्का फारसा लागत नाही आणि त्यांचा महिना मात्र निभावतो.

एक गोष्ट मात्र मालकानेच करायला हवी. दर महिन्याला मुदत उलटलेल्या बिलांची यादी रकमेप्रमाणे न लावता दिवसांप्रमाणे लावून समोर घ्यायची, सगळ्यात जुनं बिल सगळ्यात वर, आणि पहिल्या पाच नावांबद्दल विचारायचं: हे का राहिलं? दोन-तीन महिने हा प्रश्न न चुकता विचारला गेला की यादी आपोआप आखूड होते, कारण खालच्या माणसांना कळतं की वरच्याला याची पर्वा आहे. उलट अकाउंट्सच्या प्रमुखाला 'पैसे किती दिवस धरून ठेवले' यावर बक्षीस मिळत असेल, तर बाकीची सगळी धोरणपत्रकं वाया आहेत.

धोरणपत्रकांवर किती विसंबावं याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. बांधकाम आणि सेवा क्षेत्रातली कॅरिलियन ही प्रचंड मोठी कंपनी १५ जानेवारी २०१८ ला कोसळली. वेळेवर पैसे देण्याच्या स्वेच्छा संहितेवर तिने सही केलेली होती. प्रत्यक्षात ती पुरवठादारांना १२० दिवस थांबायला लावत होती, आणि पैसे लवकर हवे असतील तर बँकेमार्फत, काही रक्कम कापून घेऊन, ते मिळायची सोय होती. स्वतःचे पैसे लवकर मिळावेत म्हणून पुरवठादाराने फी भरायची. कंपनी बुडाली तेव्हा तिची देणी सुमारे ७ अब्ज पौंडांची होती आणि हातात रोख होती २ कोटी ९० लाख पौंड. सुमारे ३०,००० पुरवठादार आणि उपकंत्राटदार तिच्याकडून पैसे येणं असताना उघड्यावर पडले. दुसऱ्यांच्या पैशांवर उभा केलेला ताळेबंद बाहेरून भक्कम दिसतो, आणि ढासळताना आधी त्या दुसऱ्यांवर ढासळतो.

कायदे आहेत. ब्रिटनने १९९८ मध्ये उशिरा दिलेल्या व्यापारी देण्यांवर बँक दराच्या, म्हणजे देशाची मध्यवर्ती बँक ठरवते त्या दराच्या, वर ८ टक्के व्याज मागायचा हक्क दिला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने सरकारी संस्थांना साधारणपणे ३० दिवसांची आणि कंपन्यांना ६० दिवसांची मर्यादा घातली. भारताच्या २००६ च्या कायद्यात सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस अशी मुदत आहे. ती उलटली तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शब्दांत पाहिलं तर हा फार कडक कायदा आहे. पण हक्क बजावायचा तर आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करावी लागते. म्हणून मला दुसऱ्या प्रकारची तरतूद जास्त उपयोगाची वाटते, जिथे पुरवठादाराला तोंड उघडावं लागत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना आपण किती दिवसांत पैसे देतो ते ठरावीक काळाने जाहीर करावं लागतं. भारतातही २०२३ च्या वित्त कायद्याने असं केलं की सूक्ष्म व लघु पुरवठादारांच्या मुदतीत न चुकवलेल्या बिलांची वजावट करात त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच मिळते. तक्रार कुणीच केलेली नसते, तरी उशीर करणाऱ्याच्या खिशाला चाट बसते.

तरी दंडावर सगळा भार टाकू नये. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर केलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांतल्या सहा पाळणाघरांनी छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. आधी पालकांना वाटायचं, आपल्यामुळे बाईंना थांबावं लागतंय. दंड आल्यावर ती संध्याकाळ विकत मिळणारी वस्तू झाली. पैसे उशिरा देऊन वर मुकाट्याने व्याज जोडणाऱ्या कंपनीचंही असंच होतं: भरपाई झाली, म्हणजे फोन न उचलण्याबद्दल काही वाटायचं कारण उरलं नाही.

"मला वरून पैसे आले की तुला देतो," हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण वरच्या गिऱ्हाइकाशी सौदा आपण केला. त्याची पत आपण पारखली, त्यातला नफा आपण घेणार. खालच्या माणसाने त्या सौद्याचा कागदही पाहिलेला नाही. मग त्यातली जोखीम त्याच्या गळ्यात का? बांधकामाच्या करारांतलं असलं कलम ब्रिटनने १९९६ च्या कायद्यानेच निरुपयोगी ठरवलं. वरचा पैसे देणाराच दिवाळखोरीत गेला असेल तेवढाच अपवाद ठेवला. खरोखरच अडचण असेल, तर ती सांगायचीही एक रीत आहे. तारखेच्या निदान आठवडाभर आधी आपणहून फोन करायचा. आज किती देऊ शकतो आणि उरलेलं कोणत्या तारखेला, हे आकड्यांत सांगायचं. 'लवकरच' हा शब्द वापरायचा नाही. आणि ती दुसरी तारीख अशी द्यायची की जी आपण पाळूच, मग ती लांबची असली तरी चालेल. पुरवठादार ४० दिवस थांबू शकतो. रोज उद्याची वाट बघत ४० दिवस काढणं त्याला परवडत नाही, कारण त्यात दुसरी सोय करायची संधीही जाते.

पैशांची उधारी कागदावर दिसते; वेळेची उधारी दिसतच नाही. ऑर्डर दिल्यावर तीनदा नमुना बदलायचा आणि पोचवायची तारीख मात्र तीच ठेवायची, भाव आणखी खाली ओढायचा, आणि हे सगळं कसं जमवलं ते विचारायचं नाही. हा ताण शेवटी कुठे पोचतो ते २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथे दिसलं. राणा प्लाझा या इमारतीला आदल्या दिवशीच भेगा पडल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. दोष आधी इमारतीच्या मालकाचा आणि कारखानदारांचा, यात शंका नाही. पण त्यानंतर मे महिन्यात अनेक ब्रँड आणि कामगार संघटनांनी जो बंधनकारक करार केला, त्यात एक कलम असं होतं की सुरक्षित जागा राखणं कारखान्याला परवडेल अशाच व्यापारी अटी ब्रँड पुरवठादारांशी ठरवतील. खरेदीच्या टेबलावर बसून घासाघीस करणारा माणूस त्या भिंतीच्या भेगेशी जोडलेला आहे, हे त्या कलमाने मान्य केलं.

घरातले आणि मैत्रीतले व्यवहार एवढे मोठे नसतात, पण रचना तीच: आपली अडचण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर ढकलायची. पाच जण ठरल्या वेळी येऊन बसलेत आणि सहावा "निघालोच" म्हणत वीस मिनिटं उशिरा आला, तर शंभर मिनिटं गेली. घरी कामाला येणाऱ्या किंवा शिकवणी घेणाऱ्या माणसाला आपण सकाळी कळवतो, "आज नको." आपली सोय झाली, त्यांचा दिवस रिकामा गेला, आणि तो दिवस त्यांनी आपल्यासाठी दुसरीकडे नकार देऊन ठेवला होता. यावर साधा नियम करता येतो: निदान २४ तास आधी सांगितलं नाही, तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे. ते मागणार नाहीत. आपणच आधी सांगून ठेवायचं, म्हणजे मागायचा प्रश्नच येत नाही.

काम सांगायचीही रीत असते. "एक काम होतं" एवढाच निरोप पाठवून गप्प बसलं, की समोरचा काय असेल या विचारात अडकतो आणि आपण हातातल्या कामाला लागतो. त्यापेक्षा पहिल्याच निरोपात सगळं लिहावं: काय हवं आहे, कधीपर्यंत, साधारण किती वेळ लागेल, आणि जमणार नसेल तर तसं कळवलंस तरी चालेल. शेवटचं वाक्य मनापासून लिहिलेलं असावं. डॉक्टर, वकील, चित्रकार असलेल्या मित्राकडे 'फक्त पाच मिनिटं' मागताना ती पाच मिनिटं त्याच्या रोजगाराची आहेत हे धरून चालावं आणि फी आपणहून विचारावी. नको म्हणायचा अधिकार त्याचा.

दुसऱ्या बाजूनेही चूक होते, आणि ती भल्या माणसांकडून जास्त होते. भीड भिकेची बहीण. भिडेपोटी 'हो' म्हणायचं, काम अंगावर घ्यायचं आणि शेवटच्या दिवशी हात वर करायचे. पहिल्याच दिवशी आलेल्या नकाराने समोरच्याकडे दुसरा माणूस शोधायला वेळ उरतो. शेवटच्या दिवशीच्या नकाराने काहीच उरत नाही, मग तो कितीही गोड शब्दांत असो. माफीचंही तसंच. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात चूक कुणाची हेच ठरत नाही. मी हे केलं, त्याने तुझं हे नुकसान झालं, ते मी अमुक तारखेपर्यंत असं भरून देतो: तीन वाक्यांत माफी होते, आणि तिसरं वाक्य नसेल तर पहिल्या दोनांचा फारसा उपयोग नसतो.

उसन्या पैशांत तर घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचीच कुचंबणा जास्त होते. परत मागायचे कसे, निरोप टाकला तर कंजूस ठरू का, निमित्त काढून विषय कसा आणायचा, याची तो मनात जुळवाजुळव करत बसतो. म्हणून घेतानाच तारीख आपण सांगावी, त्याच्या देखत मोबाइलमध्ये लिहून ठेवावी आणि रकमेसकट त्यालाही पाठवून द्यावी. तारीख पाळणं जमत नसेल तर आदल्या आठवड्यात जमेल तेवढी रक्कम पाठवून उरलेल्याची नवी तारीख कळवावी. आणि रक्कम इतकी लहान असेल की ती विसरली तरी चालेल असं वाटत असेल, तर ती आधी द्यावी, कारण नेमकी तीच मागायला त्याची जीभ रेटणार नाही.